मेणातली गाठ

माझं काम नेमकं काय, हे भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या आमच्या गल्लीत मी आजवर कुणाला समजावून देऊ शकलेले नाही. आई सगळ्यांना सांगते, कॉम्प्युटरवर कॅन्सर पाहते. त्यामुळे सकाळी मीटिंगला बसले की दारात कुणीतरी साखरेचा रिपोर्ट घेऊन उभं असतं. मी डॉक्टर नाही, मला साखरेतलं काही कळत नाही, असं म्हटलं की लोक हसतात आणि मी भाव खाते आहे असं समजतात. खरं काम असं आहे: नवी औषधं बनवणाऱ्या कंपन्या रुग्णांच्या गाठींचे पातळ काप काचेवर घेतात, त्यांना रंग देतात आणि त्या काचांचे भलेमोठे फोटो काढतात. त्या फोटोंतल्या पेशी मोजणारा प्रोग्राम मी लिहिते. औषध कुणाला लागू पडेल याचा अंदाज त्या मोजणीवरून बांधतात. बारा वर्षं हेच करते आहे, तीही बहुतेक याच घरातल्या मागच्या खोलीत, कूलरच्या आवाजात. एवढ्या वर्षांत एकही गाठ हातात घेतलेली नव्हती.

शेजारच्या काकूंची वेळ आली तेव्हा मात्र मी स्वतःहून पुढे झाले. काका आणि माझे बाबा इथल्या स्टील प्लांटमध्ये एकाच शिफ्टला होते, दोघंही भंडाऱ्याकडचे. काकूंच्या छातीतली गाठ ऑपरेशन करून काढली होती, पण आजार आता हाडात उतरला होता आणि तिथला तुकडा काढणं त्यांच्या तब्येतीला झेपणार नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, जुन्या गाठीची तपासणी जुळली तर नाव घालू. चाचणी माझ्या कंपनीची नव्हती, पण कामाची तऱ्हा तीच. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, काड्यापेटीहून लहान अशी वडी असते, तिला ब्लॉक म्हणतात. काकूंचा एकच ब्लॉक उरला होता. तो महिनाअखेरीच्या आत दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोचला नाही तर विषय संपला. हे काम माझ्याकडे द्या, मी म्हटलं. मोठ्या रुबाबात म्हटलं.

पुढचे आठ दिवस माझ्या नाकी नऊ आले. भिलाईतल्या ज्या लॅबमध्ये ब्लॉक होता तिथे म्हणाले डॉक्टरांची चिठ्ठी आणा. चिठ्ठी नेली तर म्हणाले शिक्का नाही. शिक्का मारणारे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येणार, आणि त्या मंगळवारी ते कुणाच्या तरी लग्नाला रायपूरला गेलेले. मग पेशंटचं आधार, मग माझं आधार, मग पेशंटनं मला अधिकार दिल्याचं पत्र. काउंटरवरच्या बाईंना मी एकदा जोरात बोलले, ब्लॉक कसा सांभाळायचा हे तुम्हाला तरी माहीत आहे का म्हणून. त्या शांतपणे रजिस्टर पाहत राहिल्या. शुक्रवारी अखेर ती वडी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

तिथून मी स्कूटरने थेट पावर हाउसच्या बाजारात कुरिअरच्या दुकानात गेले. मे महिना होता, दुपारचा एक वाजलेला. पर्समध्ये ठेवला तर गर्दीत पर्सच जायची, या विचाराने मी ब्लॉक स्कूटरच्या डिक्कीत ठेवला आणि कुलूप लावलं. आत म्हणाले, दवाखान्याचं सामान आहे, आधी कागद दाखवा. कागद दाखवले तर त्यांची झेरॉक्स मागितली. झेरॉक्सच्या दुकानात लाइट गेलेली. मी तिथे उभी राहून साऱ्या व्यवस्थेला मनातल्या मनात शिव्या घातल्या: या गावाला, या देशाला, कागदाला कागद जोडणाऱ्या प्रत्येक माणसाला. लाइट यायला तासाहून जास्त वेळ गेला. स्कूटर बाहेर उन्हात उभी होती.

डिक्की उघडली तेव्हा पिशवीच्या तळाला मेण पसरलेलं होतं, आणि त्यात तो करडा तुकडा आडवा पडला होता.

बारा वर्षं रोज मी पॅराफिन हा शब्द वापरते. पॅराफिन म्हणजे मेण हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण भिलाईत मे महिन्यात डिक्कीत मेणबत्ती ठेवू नये हे गल्लीतल्या कुठल्याही बाईला कळतं, ते मला कळलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते यालाच. मी फुटपाथवर उभी राहून रडले. रागाचं रडणं होतं, आणि राग काढायला या वेळी दुसरं कुणी सापडत नव्हतं.

पिशवी बर्फाच्या डब्यात ठेवून मी पुन्हा त्याच लॅबमध्ये गेले. तिथल्या म्हाताऱ्या टेक्निशियननी काही न विचारता तुकडा चिमट्याने उचलला आणि नव्या मेणात बसवून दिला. चाळीस मिनिटांत वडी पहिल्यासारखी दिसू लागली. मग सोबतचा फॉर्म भरताना एक प्रश्न आला: ब्लॉक लॅबच्या बाहेर तापला आहे का, पुन्हा मेणात बसवला आहे का? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नहीं लिख देते हैं मैडम. किसको पता चलेगा?"

कुणालाही कळलं नसतं, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण असा प्रश्न फॉर्ममध्ये का असतो तेही मला माहीत होतं. तुकडा तापला असेल तर रंग फिका येऊ शकतो, मोजणी चुकते, आणि चुकीच्या माणसाला चुकीचं औषध जातं किंवा योग्य माणसाचं राहतं. असे नमुने मी स्वतः रोज बाजूला काढते, एका क्लिकवर. मी फॉर्म ओढून घेतला, "हो" लिहिलं आणि खाली सगळी हकिगत लिहिली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला.

वडी फॉर्मसकट कुरिअरने गेली, आणि चौथ्या दिवशी प्रयोगशाळेचं उत्तर आलं. नमुना स्वीकारता येत नाही.

काकू ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं: डिक्की, मेण, फॉर्म. काही लपवलं नाही. त्या चिंचोके एका बाजूला टाकत ऐकत होत्या. नेहमीची औषधं चालूच राहतील, दुसरी एखादी चाचणी निघेल, असंही मी म्हटलं, आणि ते मलाच पोकळ वाटलं.

"तू नसतं लिहिलं तं घेतलं असतं मले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तपासणी जुळली असती तर घेतलं असतं. मग रंग, मोजणी, औषधाचा धोका, सगळं समजावून सांगितलं, आणि पहिल्यांदाच ते एखाद्या माणसाला नीट समजलं असं मला वाटलं. काकूंनी मान डोलावली.

"मेण तं कोणाच्याही हातून वितळते बाई," त्या म्हणाल्या. "उन्हाले कोण काय करते. पण लिहायच्या आधी मले एकडाव इचारलं असतं. मी बी 'नाही' म्हणून लिही, असं म्हटलं नसतं कदाचित. पण गाठ तं माही होती ना."

डॉक्टरांची चिठ्ठी, शिक्का, दोन आधार, अधिकारपत्र, झेरॉक्स, इतकं सगळं मी आठ दिवस गोळा केलं होतं. हुडकोतलं काकूंचं घर त्या लॅबपासून दहा मिनिटांवर आहे, आणि माझ्या हातात फोन होता.