चुन्याचं रिंगण

"खाली बसा की, भाऊसायेब."

भेटल्याबरोबर त्यांचं पहिलं वाक्य हे. रामराम त्यानंतर. उभा माणूस दिसला की माळढोक पक्षी दूर सरकतो, त्याच्याशी ओळख ठेवायची तर उकिडवं बसावं, असं ते म्हणायचे. सवय इतकी हाडात मुरलेली, की कचेरीतही ते उकिडवेच बसत. साहेबांचं टेबल उंच. साहेब विचारायचे, "अरे, राखणदार आला होता, तो गेला कुठं?" टेबलापलीकडून आवाज यायचा, "हितंच हाय की!"

आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बार्शी रोडवरच्या एका माळाचे ते राखणदार आणि मी सोलापूरच्या वनखात्याच्या कचेरीत आवक-जावक बघणारा कारकून. मामांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुली कर्नाटकात दिलेल्या. एक खोपट, एक कंदील आणि नजर पोचेल तिथवर गवत. दर सोमवारी एसटीने यायचे, आठवड्याचा अहवाल सांगायचे, मी लिहून घ्यायचो. अहवाल दोन ओळींचा. उरलेला तासभर माळढोक!

"नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, तवा पार वढ्यापलीकडं ऐकू येतं. आन् मादी? वर्साला एकच अंडं. झाड न्हाय, झुडूप न्हाय, उगड्या भुईवर. लई धीराची बया."

एकदा म्हशींचा कळप थेट तिच्या अंड्यावर चालून आला होता. ती पंख पसरून आडवी उभी राहिली आणि म्हशी मुकाट वळल्या. हे सांगताना मामा स्वतःचे हात पसरायचे. शिपाई हसायचा. मीही हसलोय, खोटं कशाला बोलू?

"एकट्याला करमतं कसं हो, मामा?"

"एकटा कुटं? ती असती की."

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. त्यांचं सगळं जग एका ठिकाणी गोळा झालेलं असतं, आणि ते ठिकाण आपल्या खिजगणतीत नसतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्या माळावर झाडं लावायचा हुकूम निघाला. गवताचा माळ म्हणजे पडीक जमीन, हे आम्हा कागदवाल्यांचं ज्ञान! त्या पावसाळ्यात मामा सोमवार सोडून गुरुवारीच धापा टाकत आले. "ती अंड्यावर बसलीया. खड्ड्यांची वळ तितनंच जातीया. म्हैनाभर थांबवा, भाऊसायेब. पाया पडतो."

मी अर्ज लिहिला. पण अंगठा साहेबांसमोरच उठवायचा, अशी आमच्याकडची रीत, आणि साहेब दौऱ्यावर.

"सोमवारी या, मामा."

"मी हिकडं आलो, तर तितं कोन?"

आता माझं डोकं बघा. म्हणालो, "अहो, भोवती चुन्याचं रिंगण मारा. मजुरांना कळेल, इथं यायचं नाही."

शंका मामांना आली असणार. पण लिहिणाऱ्या माणसानं सांगितलंय म्हटल्यावर ते चुना घेऊनच माळावर परतले.

सोमवारी ते दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून होते. साहेबांनी अर्ज वाचला, "ओळ वळवा" म्हणून सहीसुद्धा केली. मामांनी कागद कपाळाला लावला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खड्डा कुठं खणायचा, ते आमच्या कामावर चुन्यानंच आखतात. आखणीच्या पत्रांच्या नकला मी वर्षानुवर्षं करत होतो. मेल्या माझ्या लक्षात कसं आलं नाही?

दुसऱ्या दिवशी मामा आले. सहीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"काल मी हितं बसलो हुतो, तवाच. ती हटली न्हाय म्हनं. कुदळीपुढं पंख पसरून उबी. बाया मागं सरल्या. मुकादम म्हनला, चुना हाय म्हंजी खड्डा हाय. त्यानं धोंडा मारला तवा उडाली. अंडं मातीत गेलं."

"मामा, चूक माझी. चुना मीच सांगितला."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचा काय दोस? तुमी कुटं बगितलं हुतं तिला."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या पावसाळ्यात ती आली नाही. मग मामाही सोमवारचे येईनासे झाले. दोन सोमवार वाट पाहून मी एसटी पकडली. खोपटाला कडी होती. शेजारच्या शेतातली बाई म्हणाली, "लेकीकडं गेलं की. हितं कोन हाय म्हनलं, आन् गेलं."

रोपं गुडघ्याएवढी झाली होती. मधलं गवत वाऱ्यावर हलत होतं. नोकरीच्या अकरा वर्षांत तो माळ मी पहिल्यांदाच बघत होतो.