राजा मराठीत बोलला

अडुसष्ट-एकोणसत्तर सालची गोष्ट. मध्य प्रदेशात बालाघाटजवळ खाणकामगारांच्या वस्तीत एक शाळा होती, तिथे मी नवीन बाई. नोकरी कच्ची, दर सत्राला नव्याने ऑर्डर यायची... शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

वार्षिक कार्यक्रमासाठी मी बाहुल्यांचं नाटक बसवलं. कागदाच्या लगद्यात मेथीची पूड कालवून पोरींनी डोकी केली, ब्लाउजच्या उरलेल्या तुकड्यांचे झगे शिवले. हातात घालून नाचवायच्या बाहुल्या... राजा, हत्ती आणि एक म्हातारी.

गोष्ट साधीच. राजाचा हत्ती म्हातारीचं उभं धान खातो आणि म्हातारी दरबारात जाऊन राजालाच जाब विचारते.

मी ते मराठीत लिहिलं होतं. वस्तीतली बरीच घरं भंडाऱ्याकडून आलेली, घरात बोलणं मराठीच. पण हेडमास्तर म्हणाले, इन्स्पेक्टर साहेब येणार आहेत, सगळं शुद्ध हिंदीत पाहिजे. माणूस वाईट नव्हता... वरच्यांना घाबरायचा, एवढंच. मी मुकाट्याने सगळं पुन्हा लिहून काढलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मैदान भरलं. पुढे खुर्च्या, मधे मुलं आणि पार मागे, भिंतीला टेकून, आया. त्यातल्या बऱ्याच जणी खाणीवर मँगनीजचे दगड निवडायच्या, त्या दिवशी सुट्टी टाकून आलेल्या.

बाजारातली हिंदी त्यांना येत होती. पण आमची ‘महाराज, न्याय कीजिए’वाली हिंदी त्यांच्या डोक्यावरून चालली होती. तोंडाला पदर लावून गप्प बसल्या होत्या... पोरांसाठी आलो आहोत, बसायचं आहे, म्हणून बसलेल्या.

म्हातारी पाचवीतल्या सुशीलाच्या हातात होती, राजा माझ्या. चादरीच्या पडद्यामागे आम्ही दोघी गुडघ्यांवर. दरबाराचा प्रवेश आला आणि सुशीला वाक्य विसरली. मी हळूच सांगितलं, पण तिला ऐकू गेलं नाही. वर म्हातारी नुसतीच उभी...

मग सुशीला बोलली. घरी बोलते तसं.

“राजा, तुह्या हत्तीनं माह्यं धान खाल्लं. आता लेकरायले काय देऊ मी?”

मागे आधी एक जण हसली, मग सगळ्याच. कुणीतरी बसल्या जागेवरून म्हणालं, “हौ, सांग त्याले.”

तेवढ्यात हेडमास्तर चादरीच्या कडेला येऊन वाकले. “अब जवाब हिंदी में दीजिए. साहब देख रहे हैं.”

सगळं मैदान राजाच्या उत्तरासाठी थांबलेलं. नोकरी डोळ्यांसमोर आली... पण शेजारी सुशीला माझ्याकडे बघत होती. मी हिंदीत उत्तर दिलं असतं तर चूक तिची ठरली असती.

राजा म्हणाला, “बस, म्हातारे. काय झालं ते सगळं सांग मले.”

बायका उठून पुढे आल्या, खुर्च्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. उरलेलं नाटक आम्ही दोघींनी तिथल्या तिथे रचलं. साहेब हसले की नाही, ते पडद्यामागून मला दिसलं नाही.

आठवड्याने मेमो आला, खुलासा करा म्हणून. घरी बाबा म्हणाले, माफी लिहून दे आणि मिटव. मी लिहिलं... म्हातारी मराठीत बोलली, राजाला ते समजलं, म्हणून त्याने मराठीत उत्तर दिलं. खाली सही केली.

पुढच्या सत्राची ऑर्डर आली नाही.

कटंगीकडच्या एका शाळेत जागा मिळाली. सामान घेऊन बसची वाट बघत होते, तर सुशीलाची आई मला शोधत आली. कामावरूनच आली होती, हात अजून काळे. बस आली तेव्हा म्हणाली,

“बाई, शाळेत बोलावतेत ते पोरीची तक्रार सांगाले. हासाले मी पयल्यांदाच बसली तिथं.”

आता मी ऐंशीच्या घरात आहे. नातवंडं म्हणतात, तेव्हा माफी मागितली असतीस तर तिथेच परमनंट झाली असतीस. झाले असते बहुतेक... पण माफी नेमकी कशाची मागायची होती, ते मला अजूनही कळलेलं नाही.