अडीच किलो गहू आणि माझं पॉवर स्टेशन

पॉवर स्टेशन विकत घेतलं असं मी घरी सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "काहून? पारसचं पुरत नव्हतं का तुमाले?"

तिचा दोष नाही. अकोल्यात पॉवर स्टेशन म्हटलं की डोळ्यांपुढे पारसच्या वीजकेंद्राची धुराडी येतात. माझं मात्र खुर्चीखाली मावणारं होतं. आत बॅटरी, पुढे दोन प्लग, वर उचलायला दांडी. व्हिडिओत पाहिलं होतं मी: तळ्याकाठी तंबू, तंबूसमोर ही पेटी, आणि तिला शेगडी जोडून एक टकला माणूस अंडी तळतोय. त्याच्या चेहऱ्यावरची शांतता मला हवी होती.

दुकानदाराने विचारलं, "काय काय चालवायचं आहे?"

"सगळं," मी म्हटलं.

"सगळं म्हणजे काय, भाऊ?"

खोक्यावर एकदा वॅट आणि एकदा वॅट-अवर असे दोन आकडे कशाला, हे खरं तर तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मागे गिऱ्हाईकं उभी, आणि मी पडलो शिकलेला माणूस. समजल्यासारखी मान हलवली आणि नारंगी रंगाची पेटी उचलली. रंग झकास होता.

त्याच हिवाळ्यात चिखलदऱ्याला तंबू ठोकला. पेटी घरून चार्ज करून न्यावी लागते, हे तंबू ठोकल्यावर आठवलं. दोन दिवस तिचा स्टूल म्हणून उपयोग झाला, आणि स्टूल म्हणून ती उत्तम आहे हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन. परत आल्यावर बायकोने तिच्यावर क्रोशाचा रुमाल घातला, रुमालावर फुलदाणी ठेवली. विषय संपला.

तो पुन्हा निघाला मे महिन्यात. धाकट्या मेव्हणीचं लग्न अमरावतीला ठरलं होतं आणि रुखवतात मांडायच्या कुरड्या करायला सासूबाई भातकुलीहून आमच्याकडे आल्या होत्या. अडीच किलो गहू गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, तीन दिवस भिजत होता. चौथ्या दिवशी तो वाटायचा, चीक काढायचा. तो दिवस चुकला की गहू आंबून जातो, कुरड्या काळ्या पडतात आणि वराकडच्या बायकांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळतो.

त्याच सकाळी आठ वाजता लाइन गेली. खांब बदलायचे होते, संध्याकाळपर्यंत येणार नाही असं समजलं.

सासूबाई गंजापाशी बसून म्हणाल्या, "वास सुटून राह्यला वं गव्हाले. आता कसं करतं, माय?"

हाच तो क्षण. मी फुलदाणी बाजूला केली, रुमाल घडी करून बायकोच्या हातात दिला आणि पेटी वाजतगाजत आणावी तशी स्वयंपाकघरात आणली. या खेपेला चार्ज पूर्ण होता. "मामी, तुमी कायजी करू नका," मी सासूबाईंना म्हणालो. मिक्सर जोडला, गहू भरला, बटण फिरवलं.

मिक्सरने नुसता हुंकार दिला. पेटी टिंगटिंग वाजली, लाल झाली आणि बंद पडली.

मी गहू अर्धा केला. टिंगटिंग. मूठभर ठेवला. टिंगटिंग.

"जवाईबुवा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "गहू कमी केल्यानं मोटर लहान होते का?"

"काय लिवलं आहे ते वाचा ना आधी!" बायको म्हणाली.

पेटीवर पाचशे वॅट लिहिलं होतं. मिक्सरचा आकडा त्याच्या बुडाला असतो. म्हणून मी मिक्सर उचलून उलटा केला. भांडं वरच होतं. आंबूस गव्हाचं पाणी माझ्या बनियनवरून थेट मांडीत उतरलं, आणि त्या अवस्थेत मी मोठ्याने वाचलं, "साडेसातशे."

"पण मामी, ही पेटी पंखा दिवसभर चालवते!" मी बाजू लावून धरली.

"बैल दिवसभर चालते, म्हून त्याले ट्रकले जुंपता का? आमच्या वावरातली मोटर पाहा. उठतानी किती खाते, मंग गुमान चालते. किती येळ चालते अन् किती वजन उचलते, हे अलग-अलग असते बाप्पा."

दुकानदाराला न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला असं ओल्या बनियनमध्ये मिळालं.

गहू मात्र तसाच होता. सासूबाईंनी गच्चीकडे बोट दाखवलं. तिथे पाट्यावर मनीप्लँटची कुंडी आणि वरवंट्याच्या आधाराने झाडू, असा आमचा संसार होता. मी दोन्ही खाली आणून घासले आणि वाटायला बसलो. पहिल्या घाण्यानंतर खांदे बोलायला लागले, तिसऱ्यानंतर ओरडायला. बायको अधूनमधून सुटका करायची, पण टोमण्यासकट: "अंडी तळता का आता?"

दुपारी भिंतीसुद्धा तापल्या. तेव्हा बायकोनेच टेबलफॅन आणून पेटीला जोडला. पेटीने हूं की चूं केलं नाही. पंख्याचं तोंड मी सासूबाईंकडे वळवलं, त्यांनी ते माझ्याकडे वळवलं, मी परत त्यांच्याकडे. शेवटी बायकोने तो मधोमध ठेवला. साडेचारला शेवटची मूठ वाटून झाली, सासूबाईंनी चीक फडक्यातून गाळला आणि गंजावर ताट झाकलं. सकाळी तो पांढराशुभ्र बसलेला होता.

रुखवतात त्या कुरड्यांपुढे वराची आत्या थबकली. "कोनाच्या हातच्या वं?"

"आमच्या जवाईच्या," सासूबाई म्हणाल्या. मी लगेच खांद्यांना हात लावला. ते अजून दुखत होते, आणि बरं वाटत होतं.

यंदाही गहू भिजलाय. परवा सासूबाईंचा फोन आला. मी उत्साहाने सांगितलं, "मामी, या वेळी लाइन जाणार नाही म्हणतात."

"जाऊ दे का राहू दे, मिक्सरले हात लावू नका," त्या म्हणाल्या. "पाट्यावरच्या कुरड्या जास्त फुलल्या होत्या. पेटी तेवढी भरून ठेवा, पंख्यासाठी."

पेटी चार्जिंगला लावलीय. पाट्यावरची कुंडी काल उतरवली.