फोन साताऱ्यात, मी कवठे महांकाळला

देवळात पुजाऱ्यांनी गोत्र विचारलं आणि मी म्हणाले, "कंबर अठ्ठावीस." कानाला फोन होता, पलीकडून एका शाळेच्या बाई मापं सांगत होत्या आणि मी ती मोठ्यानं म्हणत पाठ करत होते. पुजारी शांत माणूस, त्यांनी मान डोलावून पुढचा मंत्र सुरू केला. मागे उभा असलेला माझा नवरा मात्र घरी पोचेपर्यंत हसत होता. घरी आल्यावर हसू आवरून म्हणाला, आता तू दोन-तीन दिवस कुठंतरी जा, आणि हा फोन इथंच राहू दे.

साताऱ्यात माझं शाळेचे गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. दोन खोल्या, शिलाई मशीनची एक रांग आणि ती चालवणाऱ्या चार-पाच बायका. मालक, मॅनेजर, वसुली अधिकारी आणि तक्रार निवारण केंद्र मीच. गणवेशांचा हंगाम नुकताच संपला होता, त्यामुळे सबब उरली नव्हती. आमच्यातल्या सर्वांत जुन्या कारागीर नंदाताईंकडे मी फोन सोपवला आणि कोण फोन करेल, कुणाला काय सांगायचं, हे समजावू लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी कितीची हाय तुमची?"

जायचं कुठं हे ठरलेलंच होतं. माझा थोरला भाऊ, दादा, सैन्यात तोफखान्यात होता. निवृत्त झाल्यावर तो कवठे महांकाळजवळ आमच्या गावी शेती करतो. गेली दोनेक वर्षं त्याचं-माझं बोलणं चमत्कारिक झालं होतं. फोन केला की "बरं बरं, ठेव" म्हणायचा आणि ठेवायचा. कशावर रागावलाय ते कळत नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. येते म्हणून कळवलं तेव्हाही तेच: "बरं बरं, ठेव."

ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांच्यासाठी: साताऱ्याहून सकाळची एसटी पकडा, विट्याला उतरा, तिथून तासगावमार्गे कवठे महांकाळची गाडी मिळते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासापेक्षा वाटेतली भजीच महाग पडतात. विट्याच्या स्टँडजवळची कांदाभजी मात्र सोडू नका. कऱ्हाडपर्यंत उसाची हिरवी भिंत सोबत असते, विट्याच्या पुढं ती विरळ होते आणि आभाळ मोठं होतं.

हे सगळं मी पाहिलं असं म्हणते, पण खरं सांगायचं तर कऱ्हाड येईपर्यंत माझा हात पर्समध्येच होता. फोन नाही हे माहीत असूनही तो शोधत होता. मग समोर एक शाळकरी मुलगी येऊन बसली आणि मी तिच्या फ्रॉकच्या चुण्या मोजायला लागले. कुणी शिवलाय, इतकं आखूड अस्तर कुणी लावलं, असं मनात चालू असताना ती मुलगी जागा बदलून आईजवळ जाऊन बसली. काम घरी ठेवता येतं, डोळ्यांचं काय करणार?

कवठ्याच्या स्टँडवर उतरले. दादा न्यायला येईल असं मी धरून चालले होते, तो आला नव्हता. बराच वेळ वाट पाहिली. फोन करावा, तर फोन नाही. कुणाचा तरी मागून करावा, तर सख्ख्या भावाचा नंबर मला पाठ नाही. साताऱ्यातल्या कापडवाल्याचा आहे, भावाचा नाही. शेवटी चहाच्या गाड्यावरच्या मावशींना विचारलं, गावाचं नाव सांगितलं, म्हटलं फौजी आहेत, उंच, मोठ्या मिशा.

"फौजी लई हायती तिकडं," त्या म्हणाल्या, "आन् मिशा तर समद्यास्नीच हायती."

पण त्यांनी गावाकडं जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मला बसवून दिलं. आमच्या भागात माणसं मावेपर्यंत आणि मावेनाशी झाल्यावरही भरतात त्या जीपला वडाप म्हणतात. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोथिंबीर होती. जीपमधल्या सगळ्यांना मी कोण, कुणाची, कुठून आले हे गाव येईपर्यंत कळलं होतं.

दादा अंगणात दोरखंड वळत बसला होता. मला बघून उभाच राहिला. "आगं, तू? कळवायचं तरी!"

कळवलं होतं, असं मी म्हणाले. तो हसला आणि म्हणाला, व्हय, पाऊस झाला की बरा. मला वाटलं चेष्टा करतोय. मग जेवताना लक्षात आलं, की मी बोलताना तो माझ्या तोंडाकडं टक लावून बघतोय, आणि मान वळवून बोलले की भलतंच उत्तर देतोय. वहिनींनी गरम हुलग्याचं माडगं वाटीत ओतलं होतं. हुलग्याच्या पिठाची ही पातळ पेज भाकरीबरोबर काय लागते, हे शब्दांत सांगत नाही, जाऊनच खा. पण त्या दिवशी मला चव कळली नाही.

दादा जनावरांकडं गेल्यावर वहिनी जवळ बसल्या. "वन्सं, त्यास्नी फोनात काय बी ऐकू येत न्हाई. डावा कान तर गेल्यातच जमा हाय. कुणाला सांगू नगंस म्हणत्यात."

वहिनींचा आवाज मुळातच शेजारच्या वस्तीवर पोचणारा. त्यामुळे घरात काही अडत नव्हतं. अडलं होतं ते फक्त माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी दादाबरोबर दंडोबाच्या डोंगरावर गेले. पावसानंतर गर्द हिरवा असतो. वर डोंगरातच कोरलेलं महादेवाचं देऊळ आहे, आत अंधार आणि गारवा. पाणी आणि खायला सोबत न्या, वर काही मिळेल या भरवशावर जाऊ नका. मी आपोआप त्याच्या उजव्या बाजूनं चालत होते. त्यानं ते ओळखलं.

"सांगितलं वाटतं तिनं," तो म्हणाला.

मी मान हलवली. माथ्यावर एका दगडावर आम्ही बसलो, खाली द्राक्षांच्या बागा आणि लांब जाणारा रस्ता दिसत होता. मी त्याला मोठ्यानं विचारलं, की मग सांगितलं का नाहीस, मला वाटलं रागावलास.

"मी कशाला रागावतोय?" तो म्हणाला. "मला वाटायचं, तूच तोंडातल्या तोंडात बोलतीस. म्होरं गिऱ्हाईक असंल. मालकीण झालीस, आता आमच्यासाठनं कुठला येळ. म्हून मीच आपला ठेवून द्यायचो."

पुढं गिऱ्हाईक असायचंच, हेही खरं होतं. दोन वर्षं आम्ही एकमेकांवर रुसलो होतो, आणि दोघांनाही वाटत होतं की दुसराच रुसलाय. मी रडायला लागले तसा तो घाबरला आणि डब्यातली भाकरी पुढं करायला लागला.

मिरज तिथून जवळ, आणि मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही. मी म्हटलं, उद्या कान दाखवू. तो म्हणाला, कानात मशीन घालून गावात फिरू? म्हातारा म्हणतील. मी म्हटलं, मिशा पांढऱ्या झाल्यात, ते काय तरुण म्हणतात का? त्यावर त्यानं मिशीवरून हात फिरवला. मग त्यानं अट घातली. "मी मशीन घालतो. पर तू फोन केलास की दुसऱ्या कुणाशी बोलायचं न्हाई."

मी कबूल झाले. कपड्यांच्या धंद्यातली माणसं घासाघीस करतात, मी केली नाही.

मिरजेत सकाळी लवकर जा, कानाच्या तपासणीला रांग असते. तपासणाऱ्या बाईंनी कानात यंत्र बसवलं तेव्हा दादा ताठ बसला होता, सलामी द्यायची असल्यासारखा. मग त्यानं हळूच वर बघितलं. "हा पंखा आधीपासनं वाजत हुता?" बाई हो म्हणाल्या. तो पुष्कळ वेळ त्या जुन्या, कुरकुरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिला, आणि मी खिडकीकडं.

मिरजेहूनच मी साताऱ्याची रेल्वे पकडली. तिकीट स्वस्त, खिडकीची जागा मिळाली तर उत्तम, फक्त सातारा स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाचं आधीच ठरवून घ्या. वर्कशॉप जागेवर होतं. नंदाताईंनी एका शाळेची नवी ऑर्डर परस्पर नाकारली होती, कापड हलकं मागत होते म्हणून. मी असते तर घेतली असती, आणि पुढं वर्षभर उसवलेल्या शिवणींची बोलणी खाल्ली असती, की नसती, सांगता येत नाही. ती ऑर्डर गेली याची हळहळ मला अजून वाटते. आठवड्याभरात मी पूर्वीसारखीच फोनला चिकटले, हेही लपवत नाही.

एक तेवढं बदललं. दादाचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बसते. परवा तो बरंच बोलत होता. वहिनींचा आवाज एवढा मोठा आहे हे त्याला आत्ता कळलंय, बिचारा दिवसातून काही वेळ मशीन काढून ठेवतो. मी हसले, बाकी नुसतं हं-हं करत होते. तो मध्येच थांबला.

"आवाज असा का गं तुझा? दमलीयास. जेवलीस का न्हाई?"

दुपार उलटून गेली होती. माझा डबा टेबलावर तसाच होता, आणि हे जवळ बसलेल्या कुणालाच कळलं नव्हतं.