सुन्याचा 'लाल कोट'

अण्णांनी ट्रम्पेट ओठाला लावला आणि न फुंकताच मांडीवर ठेवला.

"न्हाई हुत," म्हणाले.

काल कुंडलला सुन्याचं वर्षश्राद्ध होतं.
सुनील. माझा विश्रामबागेतला रूममेट. गेल्या वर्षी बाईक घसरली आणि गेला.
अण्णा त्याचे वडील. बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवायचे. सुन्या गेल्यापासून एकही वरात केली नाही.

सुन्याला न ओळखणाऱ्यांनीही त्याचं 'लाल कोट' हे गाणं ऐकलं असेल. ते आमच्या रूमवर झालं.

सुन्याचा रॅप. ड्रमवर ब्रशची सरसर, संथ बेस. आणि वर अण्णांचा ट्रम्पेट, बीटच्या जरासा मागे. हाक आल्यावर सावकाश उठणाऱ्या माणसासारखा. लोक त्याला जॅझ म्हणाले.

शब्द साधे होते. बाप बँडचा लाल, राजासारखा कोट घालून दुसऱ्यांच्या लग्नात चालतो. शेवटच्या पंगतीला जेवतो. पोरगा कॉलेजात सांगतो, वडील शेती करतात.

अण्णांनी गाणं पूर्ण ऐकलं.
"शेती बी करतोयच की," एवढंच म्हणाले.

रेकॉर्डिंगला माईकसमोर उभे राहिले तर वाजेचना.

"अण्णा, काय झालं?"
"जागंवर हुबं ऱ्हाऊन कोन वाजिवतंय रं? चालाय लागतंय."

जन्मभर वरातीत चालत वाजवलेलं. पाय थांबले की फुंकरही थांबायची.
मग माईक गच्चीवर नेला. अण्णा या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत वाजवत राहिले. म्हणून त्या गाण्यात ट्रम्पेट जवळ येतो आणि लांब जातो.

कमेंटमध्ये लोक विचारायचे, कुठला इफेक्ट वापरलाय?
सुन्या लिहायचा, "चप्पल."

आता मिरजेतली एक मुलगी गाण्यातला तोच ट्रम्पेट मागे लावून स्वतःच्या आईबद्दल गाते. आई हॉस्पिटलात आया आहे.
आणि लग्नातली पोरं बँडवाल्यांकडे 'लाल कोट'च मागतात. सुन्या यावर हसला असता की चिडला असता, मला अजून ठरवता येत नाही.

काल जेवणं उरकल्यावर बँडचे महादू मास्तर ट्रम्पेट घेऊनच आले होते.

"गड्या, उद्या पलूसची वरात हाय. पोरं तेच गाणं मागत्यात."
"दुसरा कुनीबी वाजवंल."
"वाजिवला की एकानं. नवरा घोड्यावरनं वाकून बघाय लागला, कोन रडतंय म्हनून."

अण्णा हसले नाहीत. तेव्हाच त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावून मांडीवर ठेवला.

"महादू, मी वाजिवलं की मधी त्यो बोलतोय. तितं कोन बोलनार?"

काकू, सुन्याची आई, ताटं गोळा करत होत्या. थांबल्या.

"आवं, वरीसभर फोनवर त्येचं गानं कानाला लावून बसलाय. त्यो एकलाच बोलतोय आन् तुमी गप. त्येला तरी कसं वाटत आसंल?"

काकू ताटं घेऊन आत गेल्या.
अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं ट्रम्पेट पुसला. बराच वेळ पुसत होते.
मी शेवटची एसटी धरली.

सुन्या, येतो रे.

आज सकाळी बँडचा टेम्पो पलूसला निघाला. महादू मास्तरांचा फोन आला होता. अण्णा त्यात आहेत.