तो बघा, तो बघा!

डॉल्फिन बघायला म्हणून होडीत बसलेल्या माणसाला डॉल्फिन दिसतोच. एकाला दिसला की शेजारच्याला दिसतो, शेजारच्याला दिसला की त्याच्या बायकोला दिसतो, आणि ज्याला काहीच दिसलेले नसते तोच उतरताना ‘दोन होते’ म्हणून सांगतो. ही गोष्ट दुर्बीणमामांइतकी त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. एकतीस वर्षे ते होडीच्या पुढच्या टोकावर बसून लोकांना डॉल्फिन दाखवत होते, आणि त्यातली शेवटची दोन वर्षे त्यांना स्वतःलाच काही दिसत नव्हते.

दुर्बीण हे नाव त्यांना तिशीत पडले. तेव्हा खरोखरच त्यांची नजर अशी होती की धक्क्यावर उभे राहून ते समोरच्या होडीत कोणी टोपी उलटी घातली आहे ते सांगत. मामा हे मात्र नात्याने. होडी त्यांच्या भाच्याची, तो त्यांना मामा म्हणायचा, म्हणून तिकीटवाला मामा म्हणू लागला, मग शेजारचा चहावाला, मग सगळा किनारा. हल्ली त्यांना नावाने हाक मारणारे कोणी उरलेच नव्हते. मामींनी तर लग्नापासून ‘अहो’च्या पुढे मजल मारली नव्हती.

दिवसाला चार फेऱ्या. प्रत्येक फेरीत पंचवीस माणसे, पंचवीस टोप्या, आणि निदान एक तरी असा की ज्याला होडी सुटल्यावर आठवते की आपल्याला होडी लागते. आधी दीपगृह. तिथे मामा सांगत, “दोनशे दहा पायऱ्या आहेत. नवरा-बायकोनं बरोबर चढायच्या. वर पोचेपर्यंत भांडायला दम उरत नाही.” मंडळी हसत. मग उंटाच्या पाठीसारखा खडक. तिथे, “ह्याच्यावर बसायला परवानगी नाही, पण उतरायला आहे.” पुन्हा हसत. हे विनोद पहिल्यांदा केले तेव्हा मामांना स्वतःलाही हसू आले होते. आता ते आपोआप तोंडातून बाहेर पडत, आणि मामा मात्र आज गुडघा उजवा जास्त दुखतोय की डावा, याचा विचार करत बसलेले असत. किनाऱ्यावर कोणी रबरी फुग्यावर बसून पाण्यात आपटून घेत होते, कोणी छत्रीला लटकून आकाशात ओरडत होते. लोक सुट्टी घेऊन इतके कष्ट का करतात, हे मामांना कधीच कळले नाही.

तर डोळे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मामांनी मामींकडे पाहिले आणि त्यांना मामींचे दोन्ही कान दिसले, केस दिसले, पण मधला चेहराच दिसेना. तिथे नुसता धूर. डॉक्टरांनी थेंब घातले, दिवा मारला, आणि म्हणाले की डोळ्याच्या मागचा पडदा मध्यभागी झिजला आहे, चष्म्याने भागायचे नाही, ऑपरेशनही नाही. कडेचे दिसत राहील. मधले गेले ते गेले.

“भाच्याला सांगा,” मामी म्हणाल्या.

“सीझन संपू दे.”

सीझन संपला, दुसराही संपत आला, मामांनी सांगितले नाही. सांगितले असते तर काय झाले असते हेही त्यांना पाठ होते. भाचा गुणी होता. त्याने मामांना घरी बसवले नसते, धक्क्यावर पत्र्याच्या सावलीत बसवले असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला लाइफ जॅकेट बांधायला. पगार तोच. मान तोच. पण सावलीतले ते काम म्हणजे आता उरलेल्या माणसाला काहीतरी द्यायचे म्हणून दिलेले काम, आणि मामा स्वतःला अजून उरलेल्यात धरत नव्हते. होडीच्या टोकावरची ती वीतभर फळी गेली तर आपण कोण, हेच त्यांना कळेना. दमले होते, अगदी हाडापर्यंत दमले होते, तरी ती फळी सुटत नव्हती.

मग त्यांनी युक्त्या काढल्या. मान जराशी वाकडी करून बघायचे, म्हणजे डोळ्याच्या कडेने पाणी दिसे. भाच्याला वाटे, मामांची ती ऐट आहे. पांढरे पक्षी एका जागी गोळा होऊन ओरडू लागले की खाली मासळी, आणि मासळीमागे डॉल्फिन. शिवाय इंजिन बंद केले की पाण्यावरून त्याचा श्वास ऐकू येतो, फुस्स, टायरमधली हवा सोडावी तसा. कान अजून शाबूत होते. होडीत एखादे तीक्ष्ण नजरेचे मूल असले तर तेच आधी ओरडे आणि मामा “शाब्बास!” म्हणून त्याच दिशेला बोट करत.

आणि ज्या फेरीत पक्षी नाहीत, श्वास नाही, मूलही नाही, त्या फेरीत मामा कुठल्याही लाटेकडे हात करून ओरडत, “तो बघा, तो बघा!” पंचवीस माणसे त्या बाजूला वळत. मग कोणीतरी म्हणे, “दिसला!” मग टाळ्या. एकदा एक आजीबाई उतरताना मामांचा हात धरून म्हणाल्या, “फार दिवसांची इच्छा होती हो. आज डोळे निवले.” त्या फेरीत मामांनी एका फेसाच्या पट्ट्याकडे बोट केले होते. त्या दिवशी त्यांना जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवशी गेले. माणसाला सगळ्याची सवय होते.

ते सगळे ज्या दिवशी संपले, त्या दिवशीची ती तिसरी फेरी होती. उन्हे कलली होती, वारा सुटला होता, आणि सूर्य नेमका समोर असल्याने पाण्यावर नुसता चकचकाट होता. दीपगृहाचा विनोद झाला, उंटाचा झाला, डॉल्फिन काही येईनात. मागच्या बाकावरचा एक गृहस्थ मोठ्याने म्हणाला, “फसवलं वाटतं आपल्याला.” भाचा सुकाणूवरून ओरडला, “मामा, काय म्हणतोय समुद्र?”

मामांनी मान वाकडी केली. आणि दूर, डोळ्याच्या कडेला, काहीतरी काळे वर आले. बुडाले. पुन्हा वर आले.

मामांना हायसे वाटले. आज खोटे बोलायला नको. “तो बघा, तो बघा! एकटाच आहे!”

सगळी होडी उठून उभी राहिली. मामांनी हात वर केला, आणि ठरल्याप्रमाणे भाच्याने इंजिन बंद केले. हा मामांनीच घालून दिलेला नियम होता. डॉल्फिन दिसला की लांबच थांबायचे, जनावर बिचकते. होडी जागच्या जागी डुलू लागली.

“शेपूट वर केली! शेपूट!” एक बाई ओरडल्या. टाळ्या पडल्या. सगळ्यांनी फोन वर धरले आणि जो तो समुद्राकडे न बघता फोनच्या काचेत बघू लागला. तो मघाचा गृहस्थ शिटी वाजवत म्हणाला, “अरे, हा तर नाचतोय!” मागे सुकाणूवरच्या भाच्याला पंचवीस पाठींपलीकडचे काही दिसत नव्हते.

मामा एकटे टाळ्या वाजवत नव्हते. काहीतरी खटकत होते. तो वर येत होता, खाली जात होता, पण पुढे सरकत नव्हता. एकतीस वर्षांत त्यांनी एका जागी उभा राहिलेला डॉल्फिन पाहिला नव्हता. वर पक्षी नव्हते. आणि श्वास?

“गप्प बसा जरा,” मामा म्हणाले. कोणी ऐकेना. मग ते इतक्या जोराने ओरडले की टाळ्या तोंडात मारल्यासारख्या थांबल्या. “गप्प बसा!”

फुस्स ऐकू आले नाही. वाऱ्यावरून दुसरेच काही आले, बारीक, तुटक. ते काय होते हे त्यांना कळले नाही, किंवा कळले आणि कळू द्यायचे नव्हते. मान इकडे केली, तिकडे केली, डोळे ताणले. जिथे बघावे तिथे धूर. ‘गेला, चला पुढे’ एवढे म्हटले असते तर होडी वळली असती, फळी राहिली असती, आणि कोणाला कधी काही समजलेही नसते. हा विचार मामांच्या मनात येऊन गेला. पुढे कितीतरी दिवस त्यांना लाज वाटली ती टाळ्यांची नाही, या विचाराची.

मामा मागे वळले. “मला दिसत नाही,” ते म्हणाले. “माझे डोळे गेलेत. कोणीतरी फोन खाली ठेवा आणि नीट बघून सांगा, ते काय आहे?”

मंडळी त्यांच्याकडेच बघत राहिली. पुढच्या बाकावरच्या एका बाईने काळा चष्मा काढला, कपाळावर हात धरला, आणि तिचा आवाजच बदलला. “अहो, माणूस आहे तो. हात हलवतोय. माणूस आहे!”

भाच्याने इंजिन कसे सुरू केले आणि होडी कशी दामटली हे त्यालाही नंतर सांगता आले नाही. तिशीचा एक पर्यटक होता. वल्ह्याची छोटी प्लास्टिकची होडी भाड्याने घेऊन एकटाच निघाला होता, फोटो चांगला यावा म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवले होते, आणि वाऱ्याने होडी उलटवून दूर नेली होती. त्याला चौघांनी मिळून वर ओढले तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तो ओकला, खोकला, पुन्हा ओकला. कोणीतरी अंगावर टॉवेल टाकला. ती पंचवीस माणसे त्याच्याभोवती उभी होती आणि कोणाच्या हातात फोन नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली. एकेकाच्या तोंडाकडे बघितले. रागाने नाही, खरेच कळत नसल्यासारखे.

“तुम्ही टाळ्या का वाजवत होता?”

ज्याने शिटी वाजवली होती तो गृहस्थ खाली बसून बुटाची नाडी बांधू लागला.

“माझं चुकलं,” मामा म्हणाले. “मी डॉल्फिन म्हणालो.”

परतीच्या वाटेत उंटाचा खडक आला, दीपगृह आले, पण विनोद झाले नाहीत. धक्क्यावर सगळे उतरून गेल्यावर भाचा टोकाशी येऊन मामांच्या शेजारी टेकला.

“कधीपासून?”

“दोन वर्षं.”

“मामा, मला सांगायचं ना हो. मी काय परका आहे?”

“तू परका नाहीस म्हणूनच,” मामा म्हणाले. एकतीस वर्षांचा शीण एकदम अंगात उतरल्यासारखा झाला. भाच्याने हात दिला. त्या फळीवरून उतरायला मामांनी त्याआधी कधी कोणाचा हात घेतला नव्हता.

घरी मामींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “बरं झालं एका अर्थी.” मामांना त्यांचे कान तेवढे दिसत होते. चेहरा कसा झाला असेल, हे त्यांनी आवाजावरून ओळखले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पत्र्याच्या सावलीत जॅकेटांच्या ढिगाशी बसले. काम कठीण नव्हते. पट्टे बोटांनीच समजत, डोळ्यांची गरज नव्हती. फक्त त्यांच्या बांधण्याची तक्रार होऊ लागली. “काका, फार आवळलंय.” “असू दे,” मामा म्हणत, आणि आणखी एक ओढ देत. टोकाच्या फळीवर आता कोणीच बसत नव्हते. भाच्याने तिथे दोरखंड ठेवला होता.

पहिल्या फेरीच्या रांगेत एक बाई आपल्या नवऱ्याला पुढे ढकलत आली. हातात फोन तयार होता. “काका, डॉल्फिन दिसतील ना नक्की?”

एकतीस वर्षे या प्रश्नाला एकच उत्तर होते. मामांनी तिचा वरचा पट्टा ओढला, मग खालचा ओढला.

“दिसलं काही, तर आधी नीट बघा,” ते म्हणाले. “टाळ्या नंतर.”

ती हसली. हाही विनोदच असेल, असे तिला वाटले. मामा पुढच्याच्या जॅकेटाचा पट्टा चाचपू लागले.