जमनाकाकीचे खेकडे

जमनाकाकी बांधावरच्या बिळात खांद्यापर्यंत हात घालून खेकड्याशी बोलायची, आणि पैज लावून सांगतो, खेकडा ऐकायचा. पोटाशी पिल्लं असलेली मादी हाताला लागली की काकी तिला परत आत सोडायची. "लेकुरवाली हाय. जाऊ दे तिला."

कुंभवलीच्या अलीकडे आमची शेतं लागून होती. मी पालघरला खतं-औषधांच्या दुकानात होतो. माझ्या जिभेच्या जोरावर अर्धा तालुका फवारला गेला. खेकडे भाताची रोपं कुरतडतात, बांध पोखरतात. त्यावर आमचा उपाय म्हणजे शिजल्या भातात विष कालवायचं आणि बिळाच्या तोंडाशी गोळे ठेवायचे.

काकी म्हणाली, "बांध गळला तं मी चिखल लावीन. तुजं विष तुज्या शेतात ठेव."

पण तिचे खेकडे माझ्या शेतात जेवायला येणार. ती बाजारला गेली तेव्हा मी तिच्या बांधावरही गोळे ठेवले. तिसऱ्या दिवशी खेकडे उताणे, ते खाणारे बगळेही उताणे. मी एरवी एकाचे दहा सांगतो, पण बगळे सातच होते. काकीने ते ओळीने मांडले होते.

"कुनी केलं रं, दिनू?"

शेताच्या कडेने कारखान्यांचा नाला जायचा, सोमवारी लाल, गुरुवारी हिरवा. तिचा मुलगा रमेश तिथेच रंगाच्या कारखान्यात कामाला. माझी जीभ मला न विचारताच बोलली, "नाल्याचं पाणी, काकी. दुसरं काय?"

जन्मभर मी थापा मारल्या, गावाने एक मानली नाही. ही मात्र काकीने मानली. "काम सोड, नायतं घर सोड," तिने रमेशला सांगितलं. पोटासाठी त्याने घर सोडलं. बोईसरहून सणाला यायचा, ओट्यावर बसून जायचा. त्याच्या हातचं पाणीसुद्धा ती घेईना.

बारा वर्षांनी काकी अंथरुणाला खिळली, तेव्हा मी तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. गोळे, बाजारचा दिवस, सगळं.

ती हसली, हसता हसता खोकली. "रमेशनं पाटवला ना तुला? लय थापा आयकल्या तुज्या, पन ही सगल्यांत चांगली. माज्या पोरासाटी मारलीस."

मी माझ्या मुलांची शपथ घेतली. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवसांनी गेली.

तिला पोचवून परतताना रमेशने माझा हात धरला. "दिनूदादा, ओट्यावरून आयकलं मी सगलं. आमच्यासाटी येवडं खोटं कोन बोलतो?"

मी हात सोडवून घेतला नाही.